आमच्या घरात काहिली म्हणायची नाही

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी पालकाच्या जुड्या बांधल्या. अंगणात ओलं पोतं अंथरलेलं, त्यावर पालकाचा ढीग, एका अंगाला ती, एका अंगाला मी, आणि मधे जुड्या बांधायला पाण्यात भिजत घातलेलं केळीचं सोपट. मी बांधली की जुडी जाड होते, तिची बारीक. ती माझी जुडी उचलायची, हातातच खाली-वर करून पाहायची आणि सोडून पुन्हा बांधायची. त्या दिवशीही तेच. म्हणाली, "तुमच्या हाताले माप नाही जी. गिऱ्हाईक खुश अन् वाडी उपाशी." मी म्हटलं, मग तूच बांध. तर म्हणे, बांधूनच तं राह्यली. मग टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारासाठी पुलाकडे निघाली, अन् मी वाडीत पाणी द्यायला गेलो. रोजचंच होतं, म्हणून ती जाताना मी वळूनही पाहिलं नाही.

दुपारी ती घरी आली ती तापूनच आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. जायच्या आधी तिनं एक शब्द उच्चारला. सबंध संसारात तो शब्द तिनं स्वतःसाठी वापरला नव्हता आणि दुसऱ्या कोणालाही आपल्यासमोर वापरू दिला नव्हता. तिच्या अंगातली आग मी डोळ्यांनी पाहिली आणि मला ती विझवता आली नाही. ते माझ्या छातीवर बसलं आहे. चार इयत्ता झालेल्या माणसाला जमेल तसं लिहितो.

शब्द होता काहिली.

आता अकोल्यात उन्हाळ्यात हा शब्द न म्हणणारा माणूस दाखवा. जुन्या शहरात आमची गल्ली मोर्णेच्या अंगाला. जिनिंगच्या पत्र्यांवरून वारा येतो तो भट्टीतूनच आल्यासारखा. जो तो अंगरख्यानं वारा घेत म्हणतो, काय काहिली होऊन राह्यली. पण आमच्या उंबऱ्याच्या आत तो शब्द चालत नव्हता. पाहुणा असो, व्याही असो, कचेरीतला बाबू असो. ती तोंडावर सांगायची, आमच्या घरात काहिली म्हणायची नाही.

घरात एक वेळ निभावलं असतं. पण ती बाजारातही तेच करायची. एकदा शिरस्तेदाराच्या घरची बाई दोडके घ्यायला आली. मोठ्या घरची, बोलणं पुण्याकडचं, मागे पिशवीवाला गडी. दोडके तराजूत पडले आणि बाई सहज म्हणाली, काय बाई काहिली होतेय तुमच्या गावात. झालं. हिनं तराजू खाली ठेवला.

"बाई, तुमी काहील पाह्यली काय?"

"कसली काहील?"

"पाह्यली नसन तं काहिली म्हनू नका. ऊन हाय, ऊन म्हना. उकडून राह्यलं म्हना. लाही होऊन राह्यली म्हना, मी काई बोलत नाही."

बाईला वाटलं हिला ऊन लागलं. दोडके तसेच टाकून गेली. मी शेजारी कांद्याच्या ढिगावर बसलो होतो. चांगलं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी तिला नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि दोडक्यांवर पाणी शिंपडलं. गंमत अशी की आठवडाभरानं तीच बाई परत आली, हिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आज लाही होतेय हो, चालेल ना?" हिनं न मागता मूठभर कोथिंबीर तिच्या पिशवीत टाकली. पुढे त्या बाईनं दुसऱ्या कोणाकडून भाजी घेतली नाही. आमच्या दोघांत वेडं कोण हे मला तेव्हापासून नीट सांगता येत नाही.

तिच्या लेखी उन्हाला पायऱ्या होत्या. हात लावला अन् मागे घेतला, तो चटका. वाऱ्यानं तोंडावर येते ती झळ. तळपायाला आणि डोळ्यांना होते ती आग. ज्वारी तव्यावर फुटते तसं अंग आतून फुटू पाहते, ती लाही. घसा सुकतो, पाणी पिऊनही पाणी पाहिजे असतं, ती तलखी. हे सगळे शब्द तिनं वापरायला मोकळे सोडले होते. मी वाडीतून आलो की माझ्या तोंडाकडे पाहून तीच ठरवायची, आज झळ लागली तुम्हाला, आज नुसती आग हाय, पाय बुडवून बसा. पण काहिली शेवटच्या पायरीवरही नव्हती. ती पायरीच्या पलीकडे होती.

तिच्या आणखी खोडी सांगतो. चुलीवरून काहीही उतरवायचं असलं, डाळ असो की नुसतं आंघोळीचं पाणी, ती आधी ओरडायची, सरका. मग घरातले सगळे उठून अंगणात जायचे. मी, पोरगी, असलाच तर पाहुणा. भांडं भुईवर टेकलं की आत बोलवायची. चहाच्या पातेल्यासाठीसुद्धा. माझ्या मावसभावाला चहा होईपर्यंत अंगणात उभं राहावं लागलं होतं. तो आयुष्यभर तेच सांगत राहिला.

आणि गूळ. आमच्या घरात गूळ येत नव्हता. पोळ्याला पुरण साखरेचं. संक्रांतीला दुसऱ्याच्या घरचा तिळगूळ तिच्या हातावर पडला की ती पदराच्या टोकात बांधायची आणि घरी येऊन मुंग्यांना टाकायची. गाभण गाईला गूळ द्यायचा तर मी गोठ्यामागे लपून द्यायचो, आणि हात धुऊन घरात यायचो. मला वाटायचं, असतो एकेकाचा नाद. ती गुळव्याची पोर, एलिचपूरकडच्या मळ्यात गुऱ्हाळावर वाढलेली. लहानपणी गूळ खाऊन खाऊन वीट आला असेल. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही, गुळव्याची म्हणूनच म्हणायचो. त्या हाकेला ती ओ द्यायची. पण त्यावर कधी हसली नाही, हे मला आता आठवतं.

भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या म्हातारीला सगळी गल्ली खाला म्हणायची. एका दुपारी खालाचा आवाज आला, आपल्या थोरल्या मुलावर ओरडत होती, काहिली काहिली करत. ही पाण्याची घागर उचलून भिंतीला वळसा घालून पळत गेली. पाहते तर पोरगा खाटेवर पाय पसरून पान चघळत पडलेला. खालानं हिच्या हातातली घागर पाहिली आणि हसून हसून बेजार झाली. म्हणे, अगं, काहिली म्हणजे आळस. कामचोर पोराच्या आळसाला काहिलीच म्हणतात आमच्यात. हिला ते पटेना. तिथंच घागरीशेजारी बसून राहिली. तिला घरी आणायला मला जावं लागलं.

मग तिनं तो वाद मास्तरांपुढे नेला. मराठी शाळेचे मास्तर रोज संध्याकाळी आमच्याकडे भाजी घ्यायला थांबत. बायको वारलेली, स्वतःच रांधत, त्यामुळे भाजी निवडायला वेळ लावत. मास्तरांनी घरी जाऊन पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की खालाचं खरं आहे, तो शब्द अरबीतून आला, त्याचा अर्थ आळस. पण आपल्या मराठीत काहिली म्हणजे अंगाची आग. ती बहुधा काहील या शब्दावरून, म्हणजे उसाचा रस कढवतात त्या मोठ्या लोखंडी कढईवरून आली असावी.

"बहुधा म्हंजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे नक्की कोणी सांगू शकत नाही. आपल्या आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेलं नाही."

"लिहून कावून ठेवतीन मास्तर? काहिलीत पडलेलं मानूस लिवत बसते काय?"

मास्तर शांत माणूस. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं मला पटतं, पण पुस्तकात बहुधा लिहिलं आहे तर मी बहुधाच म्हणणार. ती त्या बहुधावर चिडली. मास्तरांनीही आपला बहुधा सोडला नाही. पुढे किती तरी दिवस मास्तर वांगी निवडताना हळूच म्हणत, आज पाऊस येईल बहुधा, आणि ही त्यांच्या पिशवीत एक किडकं वांगं जास्तीचं टाकी. मला वाटतं दोघांनाही ते आवडत होतं.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत होतो लोकांना. अमरावतीला जाऊन येईपर्यंत.

पोरीची सोयरीक अमरावतीला जमली. माणसं चांगली, बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा. कुंकू लावायच्या दिवशी आम्ही गेलो. कुंकू झालं, नारळ झाला, आणि मुलाची आई ताटात गुळाचे खडे घेऊन आली. सगळ्यांच्या तोंडात एकेक घालत ती हिच्याजवळ आली. म्हणाली, विहीनबाई, तोंड गोड करा. हिनं तोंड मिटलं. हातावर घ्या म्हटलं तर मूठ मिटली. ती बाई हसली, पुन्हा आग्रह केला. ही भिंतीला टेकून उभी, तोंड पांढरं पडलेलं, मूठ घट्ट. मुलाच्या आईचं हसू गेलं. म्हणाली, "आमचा गूळ कडू लागते काय तुमाले?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलो नाही. मी उठलो आणि खोटं बोललो. म्हटलं, तिनं पोरीच्या लग्नासाठी गूळ देवाला सोडला आहे, लग्न लागेपर्यंत खायचा नाही. मग लोकांचे चेहरे उलगडले. देवाला सोडलेलं कोणी मागत नाही. तिच्या वाट्याचा खडा मी खाल्ला, माझाही खाल्ला. मुलाची आई तिच्या पाया पडायला निघाली, एवढा तो नेम तिला थोर वाटला.

परतीच्या गाडीत मी तिला बोलणारच होतो. पोरीचं वाटोळं केलं असतंस, हे शब्द तोंडात तयार होते. डबा जवळजवळ रिकामा होता, पोरगी पलीकडे खिडकीशी झोपली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. बाहेर पाहत बोलली, माझ्याकडे नाही.

गुऱ्हाळ मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं सांगितलं तसं सांगतो. खाली चुलाण, त्यावर काहील, खाटेपेक्षा मोठी. तिचा बाप गुळव्या, म्हणजे रस कधी पाक झाला हे ओळखणारा. तिची माय चुलाणात चिपाडं घालायची. पाक झाला की काहिलीच्या कड्यांत वासे घालून माणसं ती उचलतात आणि पाक वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या पसरट हौदात, ओततात. तो ओतला की थांबता येत नाही. घोटत राहावं लागतं, नाहीतर सगळा गूळ वाया जातो. त्या दिवशी उचलताना एक कडं निसटलं. काहील कलंडली. सगळी नाही, एका बाजूनं. माय खाली बसली होती.

उरलेला पाक माणसांनी वाफ्यात ओतला. दुसऱ्याचा ऊस होता. तिचा बाप घोटत राहिला. ती म्हणाली, त्यानं मायकडे पाहिलं आणि घोटत राहिला, त्याचे हात थांबलेच नाहीत. आणि गुऱ्हाळाची रीत अशी की वाफ्यातला पहिला गरम गूळ जमलेल्या पोरांना द्यायचा. कोणीतरी, सवयीनं, तिच्या हातात उसाच्या कांड्यावर गूळ दिला. ती लहान. तिला मागे काय झालं ते कळलं नव्हतं, सगळे धावत होते एवढंच दिसत होतं. तिनं तो खाल्ला.

"गोड लागला जी," ती म्हणाली. "लय गोड लागला."

मायला केळीच्या पानांवर निजवलं होतं. ती काही दिवस होती. त्या दिवसांत ती एकच शब्द म्हणत होती, दुसरं काही मागत नव्हती, पाणीसुद्धा नाही. काहिली, काहिली. हिनं शेजारणीला विचारलं, काहिली म्हणजे काय. शेजारणीनं गुऱ्हाळाकडे बोट दाखवलं. तिथं काहील उपडी घालून ठेवली होती.

गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी खाली उतरलो आणि नळावर तोंड धुतलं. परत येऊन बसलो. जे बोलणार होतो ते बोललो नाही. तिला पाणी दिलं, ती प्यायली. त्यानंतर मी तिला गुळव्याची म्हटलं नाही. दुसरं नावही जमलं नाही. वं, ऐक वं, एवढ्यावरच पुढचा संसार झाला.

पोरगी सासरी गेली. आम्ही दोघं राहिलो. वाडी, बाजार, जुड्या. ती म्हातारी होत गेली तशी अधिक कडक झाली. गल्लीतली लहान पोरं तिला पाहिलं की मुद्दाम ओरडून पळायची, आजी, काहिली. ती त्यांना धरून आणायची आणि प्रत्येकाला चार शब्द शिकवायची, चटका, झळ, लाही, तलखी. ते पाठ म्हटले की काकडी. काकड्या संपायच्या आमच्या.

आता तो दिवस. बाजारातून ती जिनिंगच्या दुपारच्या भोंग्याआधीच आली. टोपलीत अर्ध्या जुड्या तशाच. अशी ती कधी येत नसे. ओसरीवर बसली, चेहरा लाल, आणि घाम नाही. मी म्हटलं, घाम कावून नाही? म्हणाली, झळ लागली जराशी. मी कैरी उकडून पन्हं केलं, तिनं अर्धा पेला घेतला आणि ओकली. मग मी तिला आतल्या जमिनीवर निजवलं, लुगडं ओलं करून अंगावर टाकलं. ते पाहता पाहता सुकलं. पुन्हा भिजवलं. खाला आली, तिच्या तळपायांना थंड पाणी लावत बसली आणि पंख्यानं वारा घालू लागली. मास्तर डॉक्टरला आणायला धावले. डॉक्टर गावाबाहेर एका बाळंतिणीकडे गेला होता.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला हात काढून घ्यावा लागला. नवऱ्यानं बायकोच्या कपाळावरून हात काढून घ्यावा, इतकं ते अंग तापलेलं होतं. मी तिला विचारलं, लाही होते? तलखी होते? तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी विचारत राहिलो. मला वाटत होतं, ती त्यातलं एखादं म्हणेल, तोवर काही होत नाही. ती आपल्या पायऱ्या ओळखते. ती अलीकडच्या पायरीवर आहे.

मग तिनं डोळे मिटले. खालानं वारा घालायचं थांबवलं नव्हतं. मी भिजवलेलं लुगडं अंगावर पसरवत होतो तेव्हा तिनं डोळे उघडले. आवाज नेहमीचा होता.

"काहिली होऊन राह्यली जी."

खालाचा पंखा थांबला. ती पुढे म्हणाली, "माय काय म्हने थे आता समजलं." तेवढंच. त्यानंतर ती बोलली नाही. मास्तर डॉक्टरला घेऊन आले तेव्हा डॉक्टरनं दारातूनच पाहिलं आणि टोपी काढली.

उन्हाळ्यात माणूस ठेवता येत नाही. पोरीला तार केली, ती पोचेपर्यंत थांबू नका असं सगळ्यांनी सांगितलं. मुलगा नाही, त्याच रात्री मीच पाणी दिलं, मीच अग्नी दिला. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, अंथरुणात पडली नाही, सवाष्ण गेली. लाकडं वाळलेली होती, लवकर धरली. मी फार वेळ तिकडे पाहिलं नाही. जी बाई चहाच्या पातेल्यापासून सगळ्यांना दूर सारायची तिला मी तिथं ठेवून आलो, हे मला घरी येताना पुलावर समजलं. मास्तरांनी मला धरून घरी आणलं.

आमच्यात राख तिसऱ्या दिवशी सावडतात. तोवर तिकडे फिरकायचं नाही, निखारे आपले आपण विझू द्यायचे. हे मला माहीत आहे. मी माझ्या बापाचं केलं, आईचं केलं, सगळं रीतीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन घाटावर गेलो. पोरगी येऊन निजली होती, तिला उठवलं नाही. मोर्णेला पाणी नव्हतं, एका डोहात हिरवट होतं तेवढंच. घाटाचा लाकूडवाला दात घासत उभा होता. म्हणाला, "बुवा, सावडनं उद्या हाय ना. आज कावून आले?"

मी म्हटलं, "सावडायले नाही आलो."

घागर भरली आणि राखेवर ओतली. वाफ आली, आवाज झाला. लाकूडवाला म्हणाला, असं करत नसतात, लोक नावं ठेवतील. मी पुन्हा डोहावर गेलो. पुन्हा ओतली. कडेनं ओतत ओतत आत गेलो. वरून राख करडी दिसते, पण काठीनं हलवलं की आतून लाल. तो थोडा वेळ बोलत राहिला, मग तिकडे जाऊन बसला. मी डोह आणि राख करत राहिलो. मधल्या जागी, जिथं तिची छाती असेल, तिथं हात ठेवून पाहिला आणि काढावा लागला. घागर आणली. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. घागर आणली. ऊन पुलावर आलं, बाजाराची माणसं वरून जायला लागली, काही थांबून पाहत होती. मग एकदा हात ठेवला तो ठेवता आला.

तो तसाच ठेवून मी बसलो.